तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या धाकट्या जावेची कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती शाळेच्या स्टाफरूममध्ये, सहावीच्या निबंधांच्या गठ्ठ्याखाली लपवून. लपवायचं कारण एवढंच की कुणी विचारलं असतं तर आमच्या घरात कुणीतरी कादंबरी लिहिली आहे आणि ती मी नव्हे, हे सांगावं लागलं असतं.

पार्ल्याला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आम्ही राहत होतो. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं. एकात आम्ही, दुसऱ्यात सासूबाई आणि धाकटे भाऊजी. स्वयंपाक एकत्र. वारा पूर्वेकडून आला की बिस्किटाच्या कारखान्याचा वास घरभर पसरे आणि दुपारी साधी पोळीसुद्धा गोड लागल्याचा भास होई. मी मराठी-संस्कृत घेऊन बी. ए. झालेली, अंधेरीच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. मासिकांत माझ्या तीन कथा छापून आल्या होत्या. एक कादंबरीही चालू होती. तिचं पहिलं प्रकरण दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नव्याने लिहीत असे. महिला मंडळाच्या साहित्य शाखेची मी चिटणीस. थोडक्यात, घरात आणि गल्लीत लेखिका म्हणून जी काही एक जागा होती ती माझी होती, आणि त्या जागेवर दुसरं कुणी बसेल अशी शंकाही मला नव्हती.

म्हणूनच भाऊजींचं लग्न ठरलं तेव्हा सुनेचं नवं नाव सुचवायचं काम सासूबाईंनी माझ्याकडे दिलं. तेव्हा आमच्याकडे ते गृहीतच होतं. लग्न लागलं की लक्ष्मीपूजनाच्या वेळी तबकात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. नाव बदलल्याचं मला स्वतःला काही दुःख झालं नव्हतं. माझं माहेरचं नाव आत्याने ठेवलेलं, आत्यासारखंच जाडजूड आणि कपाळाला आठी असलेलं. ते तांदळात गेलं तेव्हा मला हायसंच वाटलं. मग दुसऱ्या कुणाला त्याचं काय वाटणार?

मी शब्दकोश घेऊन बसले. एका संस्कृत नाटकातलं नाव काढलं. नायिकेचं नव्हे, सखीचं. नायिकेचं नाव धाकट्या सुनेला देणं मला थोडं जास्त वाटलं. चार अक्षरी, मध्ये एक सुंदर जोडाक्षर. भाऊजी अंधेरीच्या एका कारखान्यात नकाशे काढायचे, त्यांचं अक्षर रेखीव. पण ते जोडाक्षर तांदळात उमटवताना त्यांनाही दोनदा पुसावं लागलं. मांडवात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. नवरी खाली मान घालून तबकाकडे पाहत होती. ती लाजली आहे, असं आम्ही समजलो.

ती सावंतवाडीकडची. वडील शाळेत शास्त्र शिकवत, ती इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. बोलणं कमी, काम चोख. पण घरात आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच सासूबाईंना एक काळजी लागली. त्या हाक मारत आणि ही शांतपणे तांदूळ निवडत बसे. दुसऱ्यांदा हाक, तिसऱ्यांदा हाक. मग सासूबाई जाऊन खांद्याला हात लावत आणि ही दचकून उभी राही.

"हिला ऐकायला कमी येतं की काय गं?" सासूबाईंनी मला आत बोलावून विचारलं. "बघण्याच्या वेळी तर नीट बोलली होती."

"बघण्याच्या वेळी समोर बसून बोललो होतो आपण," मी म्हटलं. "मागून कुणी हाक मारली नव्हती."

हे ऐकून त्यांची काळजी वाढली. शेवटी भाऊजींनी कारखान्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने अंधेरीच्या एका कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि सोबत म्हणून मला पाठवलं. डॉक्टरांनी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. स्वतः मागे दाराशी जाऊन उभे राहिले आणि मला दाराशेजारी बसूनही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय?"

तिने लगेच सांगितलं. माहेरचं. आडनावासकट.

डॉक्टर टेबलाशी आले, चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "कान उत्तम आहेत. पण इथे नाव दुसरंच लिहिलंय. पेशंट ह्याच ना?"

परतताना मी तिला विचारलं, "अगं, ऐकू येतं तर ओ का देत नाहीस?"

"ऐकू येतं हो वहिनी," ती म्हणाली. "ती हाक मला मारलेली आहे हे लक्षात यायला वेळ लागतो."

तक्रार नव्हती त्यात. विहिरीचं पाणी जरा खारट आहे, असं सांगावं तसं सांगितलं. पुढे काही महिन्यांत तिला सवय झाली, हाकेसरशी ती ओ देऊ लागली, आणि तो विषय संपला असं आम्ही धरून चाललो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तिने माझ्यापुढे कागदांचा एक गठ्ठा ठेवला. भाऊजींच्या कारखान्यातले रद्द झालेले नकाशे कापून त्यांच्या पाठीमागे लिहिलेलं. "वेळ झाला तर बघाल का?" मला वाटलं, कविता असतील. सासरी आलेल्या मुली कविता करतात आणि त्या वाचून दोन बरे शब्द बोलणं हे चिटणीसाचं काम असतं. घरी उघडून पाहिलं तर पहिल्याच ओळीत दुसऱ्या ग्रहावरचं एक यान माहुलच्या चिखलात उतरत होतं.

माहुलला तेव्हा तेलशुद्धीचे कारखाने नुकते सुरू झाले होते आणि त्यांच्या धुराड्यावरची ज्योत लांबून दिसे. तिच्या पाहुण्यांनी ती ज्योत अंतराळातून पाहिली आणि कुणीतरी आपल्यासाठी दिवा लावून ठेवला आहे असं समजून ते तिथे उतरले. दुसऱ्या दिवशी मी गठ्ठा शाळेत नेला.

कथा सांगायला सोपी आहे. पाहुणे येतात. माणसं घाबरतात, आणि घाबरलेली माणसं करतात तेच करतात, म्हणजे सत्कार समिती नेमतात. मंडप घातला जातो, हार येतात, अध्यक्ष बोलायला उभे राहतात. त्या प्रसंगात तिने एक वाक्य लिहिलं होतं: "पाहुण्यांना वाटलं, हे इथलं हवामान असावं, म्हणून ते थांबण्याची वाट पाहत ते शांत बसून राहिले."

निबंधांचा गठ्ठा मी बाजूला ढकलला. ते वाक्य माझं असायला हवं होतं. पार्ल्यातल्या, अंधेरीतल्या, मुलुंडपर्यंतच्या सभांना मी बसले होते. अध्यक्षांच्या खुर्चीवर घालायच्या शालीला इस्त्री केली होती, त्यांना बोलताना तहान लागेल म्हणून तांब्याभांडं ठेवलं होतं, आणि त्यांना कधीच तहान लागत नाही हेही पाहिलं होतं. ती एका सभेला आली होती. एका. तेही कोपऱ्यात बसून, सासूबाईंची पिशवी सांभाळत.

पुढे समिती ठरवते की पाहुण्यांना आपलंसं करायचं, तर त्यांना आपली नावं द्यायला हवीत. त्यासाठी एक विदुषी येते, जाड भिंगांचा चष्मा, काखेत शब्दकोश. पितळी तबकांत तांदूळ पसरतात आणि एकेका पाहुण्यासमोर त्याचं नवं नाव लिहितात. टाळ्या होतात. मग कुणी त्या नावाने हाक मारली तर पाहुणे ओ देत नाहीत. समिती निष्कर्ष काढते की ही जात बहिरी आहे. माहुलच्या किनाऱ्यावर कर्णे लावून मोठ्याने नावं पुकारली जातात, आणि पाहुणे चिखलात आणखी आत सरकत जातात.

मी चष्मा काढून पुसला. माझी भिंगं तेव्हा तितकीही जाड नव्हती.

हा विनोद मी सोसला असता. पुढचं सोसणं कठीण होतं. त्या पाहुण्यांमध्ये नाव म्हणजे ओळखीची खूण नव्हती. ज्या ज्या कुणी आजवर हाक मारली त्या सगळ्यांची आठवण त्या नावात साठत जायची. त्यांच्यात कुणाला नवं नाव मिळायचं ते एकाच प्रसंगी: त्याला हाक मारणारं कुणीही उरलं नाही की. म्हणून तबकात ती नावं पाहिल्यावर पाहुण्यांना वाटलं, आपल्या मागे आपला ग्रह गेला, आणि ही भली माणसं ती बातमी हळुवारपणे कळवत आहेत. ते सुतकात बसले, अन्नाला शिवले नाहीत. आपल्या वर्तमानपत्रांनी छापलं: पाहुण्यांचा उपोषणाचा इशारा. तिथून पुढे सैन्य, तोफा, दोन्हीकडचे गैरसमज.

एकही उपमा नव्हती. अलंकार नव्हते. मी वर्गात ज्याला शैली म्हणून शिकवत असे त्यातलं काहीही नव्हतं, आणि घंटा वाजली तरी मला उठवेना.

शेवट असा होता. गैरसमज निवळतात, पण दिलेली नावं सरकारदरबारी पक्की झालेली असतात. ती रद्द करायची तर समितीतल्या एकाने तशी शिफारस करायला हवी. पाहुण्यांचे आता पुष्कळ मित्र झालेले असतात. पण ते मित्रांकडे जात नाहीत. ज्याला ते मुळीच सहन होत नाहीत, अशा एका सभासदाकडे जातात. आणि तो ताबडतोब नावं रद्द करतो. आपल्या भाषेतलं काहीही ह्यांच्या अंगावर राहू नये, हीच त्याची इच्छा असते.

संध्याकाळी मी गठ्ठा परत केला. "भाषा बरी आहे," मी म्हटलं. "पण शेवट पटत नाही. ज्याला ते डोळ्यांसमोर नकोत तो त्यांच्या मनासारखं कशाला करेल?"

"बरं," ती म्हणाली, आणि कागद उचलून वाटण वाटायला बसली. एक अक्षर बदललं नाही तिने.

मग ह्यांनी वाचली. माझी कथा वाचताना ह्यांना जांभया येत आणि त्या जांभयांना हे विचार म्हणत. ही कादंबरी ह्यांनी एका रविवारी अंघोळ पुढे ढकलून वाचली. मधूनमधून हसू येत होतं, आणि प्रत्येक हसण्याबरोबर मी आत भांडी जरा मोठ्याने ठेवत होते.

"अगं, हे कर्ण्यांचं वाचलंस का?"

"वाचलंय."

"आणि ती चष्मेवाली बाई? कुठून सुचतं गं हिला?"

"काय माहीत," मी म्हटलं.

ह्यांच्या कचेरीतल्या एकाचा मेहुणा गिरगावात प्रकाशक होता. त्याच सुमाराला रशियाने आकाशात उपग्रह सोडला आणि सगळं पार्लं गच्चीवर जाऊन माना वर करू लागलं. प्रकाशकाला एरवी शास्त्रीय कादंबरीत रस नसता. आता तो स्वतः घरी आला. गोल टोपी, तोंडात पान. चहा घेऊन झाल्यावर त्याने विचारलं, "सगळं ठरलं. आता कव्हरावर लेखिकेचं नाव काय घालू?"

"घाला की," सासूबाई म्हणाल्या, आणि नवं नाव, मध्ये भाऊजींचं नाव, मग आमचं आडनाव, असं सगळं एका दमात सांगितलं.

"माझं माहेरचं नाव घालावं असं वाटतं," जाऊ म्हणाली.

सासूबाई रिकामे कप गोळा करू लागल्या. प्रकाशकाला पान थुंकायचं होतं. तो खिडकी शोधत उठला आणि रविवारी येतो म्हणून निघून गेला.

तो आठवडा घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. मी लग्न होऊन आल्यापासून तसं झालं नव्हतं. सासूबाई चिडल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या, आणि ते जास्त अवघड. "अगो, तुला काय कमी केलंय का इथे? लोक म्हणतील, सुनेचं घरात पटत नाही." भाऊजींना आपलं नाव कव्हरावर येणार याचा आनंद झाला होता, तो त्यांना लपवता येत नव्हता. "इतकं छान नाव आहे तुझं," ते म्हणत. "मला सारखं घ्यावंसं वाटतं." हेही त्यांच्या बाजूचे. "ते नाव म्हणजे कविता आहे. हिने किती शोधून काढलं."

ती कुणाशीच वाद घालत नव्हती. फक्त जेवत कमी होती. शनिवारी माझ्याबरोबर पोळ्या लाटताना एवढंच म्हणाली, "दुसरं नाव छापून आलं, तर ते पुस्तक मी लिहिलंय असं मला वाटायचं नाही. माझ्या बाबांनाही. मग छापायला नको." आणि पोळी उलटली. ती खरोखर प्रकाशकाला नाही सांगेल, हे मला त्या पोळी उलटण्यावरून कळलं.

रविवारी जेवणं झाल्यावर सगळे पुढच्या खोलीत बसले. प्रकाशक येण्याची वेळ झाली होती. सासूबाईंनी सुपारी कातरत पुन्हा तोच विषय काढला. तेव्हा जाऊ म्हणाली, "आई, वहिनींना विचारा. नाव त्यांनी ठेवलंय. त्या म्हणतील ते मी ऐकेन."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे निश्चिंत होऊन मागे टेकले; आपण ठेवलेलं नाव कोण पुसतं?

माझ्या डोळ्यांपुढे ते कव्हर आलं. त्यावरचं आडनाव माझंही होतं. माझ्या तीन कथा त्याच आडनावाखाली छापल्या होत्या. यापुढे शाळेत, मंडळात, वाण्याच्या दुकानात, प्रत्येक जण ते आडनाव ऐकून म्हणणार होता: म्हणजे त्या कादंबरीवाल्या? आणि मग, तुम्ही त्यांच्या कोण? जन्मभर मी कुणाची तरी जाऊ म्हणून ओळखली जाणार होते. ती तिच्या माहेरच्या नावाने लिहू दे, सावंतवाडीला कीर्ती होऊ दे. पार्ल्यात ह्या आडनावाची लेखिका एकच राहील.

"तिचं माहेरचं नाव घालावं," मी म्हटलं.

सासूबाईंचा अडकित्ता थांबला. मग मी कारणं दिली. लेखकाचा आत्मा, लेखणीचं स्वातंत्र्य, माहेरचे संस्कार. संस्कृतातलं एक अवतरणही दिलं, जे त्या विषयावर नव्हतं. चांगलं बोलले. ह्यांनी जांभई दिली नाही.

"नाव ठेवणारीच पुसा म्हणते," सासूबाई म्हणाल्या, "तर मी कोण अडवणार?" आणि सुपारी सगळ्यांच्या हातावर ठेवली. जाऊ उठून आत गेली. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. ती दुपारी उरलेला भात जेवत होती, चांगला ताटभर.

पुस्तक आलं. कव्हरावर तबकडीसारखं यान आणि खाली तिचं नाव. माझा बेत किती टिकला विचाराल तर दूधवाला दुसऱ्यांदा येईपर्यंत. पार्ल्यात कोण कुणाची जाऊ हे कळायला कव्हर लागत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं वेळापत्रकासाठी. "तुमच्या जाऊबाईंची सही मिळेल का?" त्या म्हणाल्या. महिला मंडळाने सत्कार ठरवला, आणि साहित्य शाखेची चिटणीस म्हणून प्रास्ताविक करायचं काम माझ्याकडे आलं. शालीला इस्त्री मीच केली. तांब्याभांडं मीच ठेवलं. मग उभी राहून बोलले, आणि बोलता बोलता व्यासपीठावर बसलेल्या तिच्याकडे लक्ष गेलं. मांडीवर हात ठेवून, अगदी नम्र चेहऱ्याने, ती वाट पाहत होती. कशाची, ते मला तिच्या पुस्तकातल्या पाहुण्यांच्या सत्कारापासून माहीत होतं. मी भाषण आटोपतं घेतलं.

घरी परतताना आम्ही दोघीच होतो. हार तिने पिशवीत घातला होता, नारळ माझ्याकडे दिला होता.

"वहिनी, तुम्हाला शेवट पटला नव्हता ना?"

"नव्हता."

"अजूनही नाही?"

मी चालता चालता थांबले. नारळ हातात होता म्हणून हात कमरेवर ठेवता आला नाही.

"म्हणून त्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवलंस?"

"घरात सगळ्यांना मी आवडते," ती म्हणाली. "आईंना, ह्यांना, मोठ्या भाऊजींना. ज्यांना आवडते ते ते नाव सोडायला तयार नव्हते. उरलात तुम्ही."

"तू मला आवडत नाहीस असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मोठे भाऊजी वाचत होते त्या रविवारी भांडी ऐकली की." आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. "पण एक खरं सांगू? तुमच्याइतकं नीट कुणी वाचलं नाही ते. मोठ्या भाऊजींना ती चष्मेवाली बाई ओळखूसुद्धा आली नाही."

मी नारळ दुसऱ्या हातात घेतला. आम्ही बिस्किटाच्या कारखान्यावरून गेलो. पाळी सुटली होती आणि वास येत होता. कोपऱ्यावर तिने विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय होतं हो? इतकी वर्षं झाली, मला माहीतच नाही."

मी सांगितलं. तिने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"भारदस्त आहे."

"आत्याचं होतं," मी म्हटलं. "मला ते परत नकोय."

"नाही, तसं नाही. पुढच्या कादंबरीत एक सेनापती आहे. तिला नाव सापडत नव्हतं."

त्या कादंबरीचे कागद तिने आधी मलाच आणून दिले. मी उभ्यानेच पहिलं पान वाचलं. त्यात एक वाक्य असं होतं की मी कागद होते तसे दुमडून ठेवले आणि भोपळा चिरायला घेतला. त्या दिवशी भाजीच्या फोडी फार बारीक झाल्या होत्या, असं सासूबाई म्हणाल्या.